दहा दिवस घरी, पण घड्याळ अजून अँकरेजचं

नाशिकहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वय ३४, बँकेत नोकरी, पाच वर्षांची मुलगी, घरात सासूबाई. पती आधी इथल्या एका प्रवासी विमान कंपनीत को-पायलट होते. दोन वर्षांपूर्वी ते परदेशातल्या मालवाहू कंपनीत ७४७ फ्रेटरवर, म्हणजे फक्त माल नेणाऱ्या मोठ्या विमानावर, रुजू झाले. वीस दिवस बाहेर, दहा दिवस घरी असा करार. "माणसं नाहीत, नुसता माल. कटकट कमी, पगार जास्त आणि दहा दिवस पूर्ण आमचे, म्हणून मीच त्यांच्या मागे लागले होते," असं त्या लिहितात. आता त्याच दहा दिवसांची त्यांना धास्ती वाटते. पती दिवसा झोपतात. रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात चहा करून फोन बघत बसलेले असतात. लेक जवळ गेली तर चिडतात. सासूबाईंचं म्हणणं, "हॉटेलात राहून राहून त्याला घर गोड लागेनासं झालंय." गेल्या सुट्टीत मुंबई विमानतळावरून स्वतः गाडी चालवत येताना इगतपुरीच्या अलीकडे त्यांना डुलकी लागली. थोडक्यात निभावलं. त्या विचारतात, "त्यांना आम्ही नकोसे झालोत का? नोकरी सोडून परत या, असं म्हणू का?"

तुमच्या दोन्ही प्रश्नांकडे येते, पण आधी गाडीचं. लांबच्या ट्रिपवरून उतरलेल्या माणसाने मुंबई-नाशिक गाडी चालवायची नाही. समृद्धीमुळे कसारा घाट टळतो हे खरं, पण सरळ, एकसुरी रस्त्यावर झोप जास्त सहज येते. ड्रायव्हर ठरवा. नाहीतर विमानतळाजवळ खोली घेऊन त्यांना पाच-सहा तास झोपू द्या आणि मग निघू द्या. "मला सवय आहे" हे उत्तर मान्य करू नका. झोप अपुरी झालेल्या माणसाला आपण किती पेंगुळलोय याचा अंदाज स्वतःला येत नाही, आणि हे तुमच्या पतींना त्यांच्या प्रशिक्षणातही शिकवलेलं आहे.

मी बरीच वर्षं एका विमान कंपनीत वैमानिकांची रोस्टरं, म्हणजे ड्यूटीची वेळापत्रकं, लावायचं काम केलं. रोस्टरच्या कागदावर "विश्रांती" असा जो चौकोन असतो, त्याच्या आत प्रत्यक्षात काय घडतं हे घरच्यांना क्वचितच कळतं. म्हणून त्यांची एक ट्रिप तुमच्यासमोर मांडते.

समजा, ते मंगळवारी सकाळी दहाला हाँगकाँगहून निघाले. विमानाच्या पोटात शंभराहून जास्त टन माल. एवढा माल घेऊन अमेरिकेच्या आतल्या शहरापर्यंत थेट जायचं तर तेवढं इंधन भरता येत नाही, म्हणून आशिया आणि अमेरिकेच्या साधारण मध्यावर, अलास्कातल्या अँकरेजला विमान उतरतं. जगभरच्या मालवाहू विमानांचा तो मोठा थांबा आहे. वाटेत तारीखरेषा ओलांडल्यामुळे ते तिथे पोहोचतात तेव्हा मंगळवारचीच पहाट असते. शरीराच्या हिशेबाने संध्याकाळ झालेली, बाहेर मात्र दिवस उजाडतोय. जूनमध्ये तिथे सूर्य रात्री साडेअकराच्या पुढे मावळतो. हॉटेलच्या पडद्यांच्या फटीतून ऊन येतं, म्हणून वैमानिक पँट अडकवायच्या हँगरच्या चिमट्यांनी दोन पडदे एकमेकांना जोडून टाकतात. तुमच्या पतींना विचारा, ते हे नक्की करत असतील. तिथे एखादा दिवस काढून पुढे शिकागो, तिथून युरोप, तिथून आखात, आणि पुन्हा हाँगकाँग. पूर्वेकडे जात जात पृथ्वीला पूर्ण फेरा.

माणसाच्या शरीराचं घड्याळ नव्या ठिकाणाशी दिवसाला साधारण तासभर जुळवून घेतं. पूर्वेकडे जाताना ते आणखी जड जातं. इथे तर दर दीड-दोन दिवसांनी कधी दोन-तीन, तर कधी सात-आठ तासांचा फरक पडतो. म्हणजे विमान पोहोचतं, शरीर कुठल्याच गावी पोहोचत नाही. वीस दिवस असे काढून ते नाशिकला येतात. आता हिशेब करा: उन्हाळ्यात नाशिकमध्ये रात्रीचे दोन वाजलेले असतात तेव्हा अँकरेजला दुपारचे साडेबारा झालेले असतात. रात्री दोनला तुमच्या स्वयंपाकघरात चहा करणारा माणूस शरीराने कदाचित दुपारच्या चहालाच बसलेला असतो. आणि त्या वेळी फोनवर बोलायला जागं कोण असतं? त्याच चक्रात फिरणारे सहकारी.

"माणसं नाहीत, नुसता माल, म्हणून कटकट कमी" हे तुम्हाला वाटलं ते अगदी स्वाभाविक होतं. काही बाबतींत ते खरंही आहे. पण माल हा मुख्यतः रात्रीचा प्रवासी. कारखान्यातून संध्याकाळी निघालेली पेटी दुसऱ्या दिवशी बाजारात हवी असते. अमेरिकेतलं मेम्फिस, लुइव्हिल किंवा जर्मनीतलं लाइपझिग, ही मालाची मोठी केंद्रं मध्यरात्रीनंतर खऱ्या अर्थाने जागी होतात. पहाटे दोन ते सहा या वेळात माणसाची सावधता सर्वांत कमी असते आणि नेमक्या त्याच वेळात फ्रेटरचं विमान बरेचदा उतरत किंवा उडत असतं. ७४७ फ्रेटरमध्ये कॉकपिटच्या मागे, वरच्या मजल्यावर झोपायचे बंक आणि छोटंसं किचन असतं. जेवण गरम करून द्यायला कुणी नसतं, ते आपलं आपण करायचं. लांबच्या उड्डाणात तीन किंवा चार वैमानिक असतात आणि आळीपाळीने आडवे होतात. कोरडी हवा, सततचा घर्रर्र आवाज, मधूनच हादरे. तिथली झोप कागदावर विश्रांती म्हणून धरली जाते, पण घरच्या झोपेशी तिची बरोबरी होत नाही.

मालाचेही आपले धोके असतात. २०१० मध्ये दुबईहून निघालेल्या ७४७ फ्रेटरला आग लागून दोन्ही वैमानिक गेले. त्या मालात लिथियम बॅटऱ्या होत्या. २०१३ मध्ये अफगाणिस्तानातल्या बग्राममध्ये उड्डाण करताच आतली जड लष्करी वाहनं सरकली आणि विमान कोसळलं. या घटनांमधून बरंच काही सुधारलं आहे, तेव्हा रोज घाबरून राहू नका. सांगते एवढ्यासाठी, की वैमानिक या गोष्टी डोक्यात घेऊन काम करतो आणि घरी त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. "काय, कशी झाली ट्रिप?" "ठीक." तुमच्याकडेही असंच होत असणार.

थकव्याबद्दल मात्र एक गोष्ट सविस्तर सांगायला हवी. अमेरिकेने २०११ च्या अखेरीस वैमानिकांच्या कामाच्या आणि विश्रांतीच्या तासांचे नवे, कडक नियम जाहीर केले. ते जानेवारी २०१४ पासून लागू झाले, पण खर्चाचं कारण देऊन मालवाहू कंपन्यांना त्यातून वगळलं. दरम्यान १४ ऑगस्ट २०१३ ला पहाटे यूपीएस या अमेरिकी माल कंपनीचं ए३०० विमान अलाबामातल्या बर्मिंगहॅमला उतरताना कोसळलं आणि दोघंही वैमानिक गेले. त्या दोघांचं आपसात याच नियमांबद्दल आणि थकव्याबद्दल बोलणं झालं होतं, ते कॉकपिटच्या रेकॉर्डिंगमध्ये आहे. चौकशीत उतरण्याच्या पद्धतीतल्या चुकांबरोबर को-पायलटच्या झोपेच्या तुटीचाही उल्लेख आला. नियमाप्रमाणे विश्रांतीचे तास मिळाले होते, पण त्या तासांत पुरेशी झोप झालेली नव्हती. मला हे वाचून फार वाईट वाटलं होतं, कारण रोस्टर लावणाऱ्यांच्या दृष्टीने तो चौकोन भरलेला असतो. विश्रांतीचे तास कंपनी देऊ शकते. त्या तासांत झोप होईल की नाही, हे हॉटेल, वैमानिक आणि सुट्टीच्या दिवसांत घर, या सगळ्यांवर ठरतं.

म्हणून "त्यांना आम्ही नकोसे झालोत का" याला माझं उत्तर असं: पत्रात जे दिसतंय त्यावरून तसं म्हणता येत नाही. दिवसाची झोप, रात्रीची जाग, छोट्या आवाजाने चिडणं ही सगळी झोप मोडलेल्या माणसाची लक्षणं आहेत. तुमच्यातल्या प्रेमाची परीक्षा घरी आल्यावर पहिल्या तीन दिवसांत घेऊ नका. कुठलाही मोठा विषय, नोकरीचा तर नाहीच, त्या तीन दिवसांत काढू नका.

पण चौथ्या-पाचव्या दिवशी नीट बघा. तोवर बहुतेकांची झोप रात्रीकडे सरकू लागते. तसं होत नसेल, जेवणात आणि लेकीत लक्ष लागत नसेल, दारू वाढली असेल, "काय अर्थ आहे या सगळ्याला" अशी भाषा येत असेल, तर तो नुसता थकवा नाही आणि थांबायचं नाही. जोरात घोरत असतील, झोपेत श्वास अडकत असेल, तर तेही तपासून घ्यायला हवं. वैमानिक डॉक्टरकडे जायला घाबरतात, कारण मेडिकल गेलं तर लायसन्स गेलं. ही भीती खरी आहे, तिला हसण्यावारी नेऊ नका. पण परिस्थिती पूर्वीसारखी राहिलेली नाही. अमेरिकेत २०१० पासून नैराश्यावरची काही ठरावीक औषधं घेत, देखरेखीखाली उडता येतं. २०१५ मध्ये जर्मनविंग्जच्या मानसिक आजार लपवलेल्या को-पायलटने विमान मुद्दाम पाडलं, त्यानंतर युरोपने कंपन्यांना सहकारी वैमानिकांच्या मदत गटाची सोय करणं बंधनकारक केलं. त्यांच्या कंपनीत असा गट आहे का, हे त्यांना शोधायला सांगा. एका वैमानिकाशी दुसरा वैमानिक जे बोलतो ते बायकोशी बोलत नाही, याचं वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या स्वतःसाठी किंवा त्यांच्यासाठी केव्हाही बोलावंसं वाटलं तर सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची फोन सेवा १४४१६ या नंबरवर मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. झोपेच्या गोळ्या मात्र मेडिकलवाल्याकडून परस्पर आणू नका. वैमानिकाने कुठलंही औषध त्यांच्या मेडिकल तपासणीच्या डॉक्टरांना विचारूनच घ्यायचं असतं.

आता "दहा दिवस पूर्ण आमचे". हे वाक्य मी परत परत वाचलं. त्यातली ओढ समजते, पण हिशेब चुकतोय. पहिले तीन दिवस शरीराचे. शेवटचा दीड-दोन दिवस पुढच्या ट्रिपचा: बॅग, कागदपत्रं, जमलं तर आधीची झोप. उरतात पाच. शिवाय एक गोष्ट करारात तपासा: मुंबईहून ट्रिप जिथून सुरू होते तिथवर प्रवासी म्हणून जायचा दिवस कंपनी कशात धरते, वीस दिवसांत की तुमच्या दहात? बऱ्याच घरांना हे वर्षभरानेही माहीत नसतं आणि सुट्टी का पुरत नाही याचं कोडं पडलेलं असतं. तुमचा अंदाज असा करा की सुट्टी पाच दिवसांची आहे. त्या पाचांत मावतील एवढ्याच गोष्टी ठरवा. मावसभावाचं लग्न, सोसायटीची मीटिंग, सासूबाईंचे डोळे दाखवणं, त्र्यंबकेश्वरची पूजा हे सगळं "तो आहे तोवर उरकून घेऊ" म्हणून त्याच आठवड्यात कोंबलं जातं, हे मी कितीतरी घरांत पाहिलंय. त्यातलं निम्मं त्यांच्याशिवायही होतं. बँकेची आणि घराची कामं तुमच्या सहीने व्हावीत म्हणून मुखत्यारपत्र करून ठेवा. तुम्ही बँकेत आहात, तुम्हाला याचं महत्त्व सांगायला नको.

पहिल्या तीन दिवसांसाठी घरातली मागची खोली अंधारी करा. जाड पडदा, दाराची बेल बंद, कुकर त्या भिंतीपासून लांब. दिवसा त्यांनी अमर्याद झोपू नये, दुपारी उठून उन्हात चालायला बाहेर पडावं. शरीराचं घड्याळ लावायला दिवसाच्या उजेडासारखा उपाय नाही. रात्री दोनला जाग आली तर तुम्ही उठून सोबत करायची गरज नाही, तुम्हाला सकाळी बँक आहे. डब्यात काहीतरी हलकं खायला ठेवा आणि फोनऐवजी मंद दिवा लावून बसायला सांगा.

सासूबाईंशी तुम्ही वाद घालू नका. हे त्यांना त्यांच्या मुलाने सांगायला हवं. दिवसा झोपणारा मुलगा बघून आईच्या पोटात कालवतं आणि त्याचं खापर हॉटेलांवर फुटतं. एकदा त्यांनी आईला मोबाइलवर आपला महिन्याचा मार्ग दाखवावा, कुठे किती वाजले होते ते सांगावं. नाशिकच्या घड्याळात दुपारी दोनला झोपलेला मुलगा त्याच्या आधीच्या रात्री कुठे होता, हे त्यांनाही दिसेल.

आता मला तुमच्या बाजूने बोलायचंय. हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल की घरानेच चवड्यांवर चालायचं. तसं नाही. वीस दिवस तुम्ही बँक, शाळा, घर आणि सासूबाईंचं औषधपाणी एकटीने सांभाळता. थकवा तुम्हालाही येतो, त्याला रोस्टरमध्ये चौकोन नाही. मधल्या पाच दिवसांत लेकीला शाळेत सोडणं आणि आणणं त्यांचं. त्यातला एक पूर्ण दिवस तुमच्या नावावर, तुम्ही घराबाहेर पडायचं, मैत्रिणीकडे जा नाहीतर कुठेही. लेकीवर चिडल्याचं त्यांनी तिला समजेल असं सांगायला हवं: "बाबाला झोप आली होती, तुझं काही चुकलं नव्हतं." पाच वर्षांच्या मुलीला हे पुरतं. दाराला लावायला तिच्याकडून चित्र काढून घ्या, झोपलेल्या बाबाचं. ते चित्र दारावर असलं की हाका मारायच्या नाहीत, हे मुलं मोठ्यांपेक्षा चांगलं पाळतात.

ते बाहेर असताना रोज ठरावीक वेळी व्हिडिओ कॉलचा आग्रह धरू नका. तो कॉल त्यांच्या झोपेच्या मधोमध येतो. त्यांनी ट्रिप सुरू होताना दोन-तीन वेळा ठरवून द्याव्यात आणि त्या पाळाव्यात. एरवी स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केलेली छोटी गोष्ट पाठवली तरी लेक झोपताना ऐकेल. उड्डाणाआधी घरातलं भांडण किंवा काळजीची बातमी फोनवर काढायची नाही. मात्र खरी अडचण लपवायचीही नाही. अँकरेजहून नाशिकला पोहोचायला दोन दिवस लागू शकतात, म्हणून रात्री अपरात्री दवाखान्यात न्यायला कोण येईल, हे शेजारी आणि नात्यातल्या दोन माणसांशी आजच बोलून ठेवा.

राहिला नोकरीचा प्रश्न. तुमच्या पत्रात एक गोष्ट कुठेच नाही: त्यांना हे काम आवडतं का? पगार आहे, झोप आहे, सासूबाईंचं मत आहे, पण ते नाही. काही वैमानिकांना फ्रेटर मनापासून आवडतं. मोठं विमान, शांत कॉकपिट, अलास्काच्या बर्फावरची पहाट. काहींना पहिल्याच वर्षी कळतं की हे आपलं नाही. सुट्टीच्या सहाव्या दिवशी, जेवण झाल्यावर, "परत या" म्हणण्याआधी हे विचारा.

परत येणं सोपंही नाही आणि तिथे सगळी झोप मिळेल असंही नाही. भारतात प्रवासी सेवेत ७४७ राहिलेलं नाही, म्हणजे दुसऱ्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या विमानाचं वेगळं प्रशिक्षण आणि परवानगी, करावं लागेल आणि सीनिऑरिटीच्या यादीत तळापासून सुरुवात होईल. इथल्या आतल्या मार्गांवर पहाटे तीनची पिकअप आणि दिवसात तीन-चार उड्डाणं असतात. तुम्ही ते अनुभवलंय. डीजीसीएने, म्हणजे आपल्या विमान वाहतूक नियामकाने, २०२५ मध्ये वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ वर नेली आणि रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आणली, हे चांगलं झालं. एकदा परत आल्यावर पुन्हा मन बदललं तर को-पायलटला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते, हेही धरून चाला. तुम्ही सगळ्यांनी त्यांच्या बेसच्या शहरात राहायला जाणं हा मधला मार्ग दिसतो, पण त्यात तुमची नोकरी जाईल आणि ते तरीही ट्रिपवर असतीलच. फक्त येण्याजाण्याचे दिवस वाचतील. मला हा मार्ग तुमच्यासाठी पटत नाही, निदान लेक लहान आणि सासूबाई एकट्या असताना.

माझा सल्ला, सहा महिने घर वर सांगितल्याप्रमाणे चालवून बघा आणि मग ठरवा. त्या सहा महिन्यांत एक काम मात्र नक्की करा. मालवाहतुकीच्या धंद्यात चढउतार मोठे असतात. करोनाच्या काळात प्रवासी विमानं थांबली तेव्हा फ्रेटरना प्रचंड मागणी आली, आणि पुढे दोन-तीन वर्षांत ती ओसरल्यावर काही कंपन्यांनी वैमानिक कमी केले. फ्लॅटचा हप्ता, लेकीची शाळा आणि घरखर्च तुमचा पगार आणि इथल्या को-पायलटचा पगार यांत भागतो का, हे कागदावर मांडा. भागत नसेल तर जादा येणाऱ्या पैशातून आधी हप्ता कमी करा, नवी गाडी किंवा दुसरा फ्लॅट नको. हा हिशेब जमल्यावर "परत या" म्हणायचं की "राहा" म्हणायचं, हे पैशाकडे न बघता तुम्हाला दोघांना ठरवता येईल. काय ठरलं ते कळवा.